पॉकेट स्टिरिओस्कोप: पाणथळ जागांचे एअर फोटो वाचायचे असतील तर घ्याच

नॉर्थ डकोटात युनिव्हर्सिटीच्या रिसर्च लॅबमध्ये जॉइन झाले आणि पहिलंच काम मिळालं ते प्रेअरी पॉटहोलचे १९८० च्या दशकातले एअर फोटो बघून पाणथळ जागा मार्क करायचं. पॉटहोल म्हणजे हिमयुगातल्या हिमनद्या मागे सरकल्या तेव्हा राहिलेले उथळ खड्डे, बर्फ वितळलं की भरतात, बदकं तिथे अंडी घालतात आणि शेतीसाठी त्यातले कितीतरी चर खणून कोरडे केलेत, म्हणून जुना फोटो नीट वाचणं फार महत्त्वाचं.

सगळं स्क्रीनवर होत असताना हे दोन भिंगांचं, घडीच्या पायांचं यंत्र कशाला, असं वाटेल. पण ६० टक्के ओव्हरलॅप असलेले, म्हणजे तेवढा भाग दोन्हींत सारखाच आलेला असे दोन फोटो शेजारी ठेवून त्यातून बघा, जमीन एकदम उठून दिसते! खोली खऱ्यापेक्षा जास्तच वाटते आणि तेच आपल्याला हवं असतं, कारण हे खड्डे इतके उथळ की सपाट फोटोत ओलसर शेत आणि खरा खड्डा यातला फरक कळतच नाही. कलर इन्फ्रारेडमध्ये (डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाशही टिपणारी फिल्म) स्वच्छ पाणी काळं आणि जिवंत झाडोरा लाल दिसतो हे सगळे सांगतात, पण काठाची पाणकणसं कुठे संपतात आणि गवत कुठे सुरू होतं ते मला उंचीवरूनच कळायला लागलं. मग कॉवर्डिनच्या १९७९ च्या, अमेरिकेतल्या पाणथळ जागांच्या वर्गीकरणातले पीईएम१ए आणि पीईएम१सी हे कोड (पहिल्यात पाणी थोडेच दिवस टिकतं, दुसऱ्यात बराच काळ) ठरवताना हात कमी अडखळतो. अर्थात फोटो एका दिवसाचा असतो, पाणी किती टिकलं हे तो एकटा सांगणार नाही, माती आणि पावसाचे आकडे बघावेच लागतात.

डावा-उजवा फोटो उलटा ठेवला तर खड्ड्याच्या टेकड्या होतात! सावल्या आपल्याकडे पडतील असे फोटो ठेवायचे, डोळा लवकर बसतो.

आता खटकलेलं. मी घेतलेल्याचे पाय लगेच ढिले झाले, टेबलाला धक्का लागला की परत सगळं जुळवा. आणि ९ इंची प्रिंट मोठी पडते, फोटो एकावर एक येतात, वरच्या फोटोची कड वाकवूनच खालचा भाग बघावा लागतो, तो त्रास आरशांच्या मोठ्या स्टिरिओस्कोपला नाही पण तो महाग आणि लॅबमधून हलत नाही. १:५८,००० च्या फोटोवर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५८ मीटर, तेव्हा भिंग स्वच्छच हवं, प्लास्टिकचं अजिबात घेऊ नका.

अमेरिकेचे जुने फोटो यूएसजीएसच्या (तिथलं सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खातं) अर्थएक्सप्लोरर या वेबसाइटवर मिळतात, बरेचसे स्कॅन फुकट. लागोपाठचे दोन फ्रेम उतरवून चांगल्या प्रिंट काढा आणि आधी लॅबच्या यंत्रावर बघा, काहींना दोन चित्रं एकत्र दिसतच नाहीत, तसं असेल तर पैसे घालू नका.