तत्त्वज्ञानाचा पेपर: इतिहासक्रमाने की प्रश्नांच्या अंगाने?

पदवीचा मुख्य विषय कोणताही असो, तत्त्वज्ञानाचा पेपर घेणाऱ्यापुढे बहुधा दोन वाटा असतात. एक प्लेटोपासून देकार्त, ह्यूम, कांट अशी कालक्रमाने जाते. दुसरी थेट प्रश्नांना भिडते: ज्ञान म्हणजे काय, माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे का?

कालक्रमाचं बळ संदर्भात आहे. कारण आणि कार्य यांना जोडणारा धागा अनुभवात कुठेच सापडत नाही, हे ह्यूमचं म्हणणं नीट पचलं असेल, तरच कांटने १७८१ मध्ये ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’ या ग्रंथात एवढी मोठी मांडणी कशासाठी केली ते उमगतं. मात्र एका सत्रात अडीच हजार वर्षं उरकायची म्हटली की मतांची यादी पाठ होते, विचार करणं राहून जातं.

प्रश्नांच्या वाटेवर ही पळवाट नसते. बंद पडलेल्या घड्याळात पाहून कुणी वेळ सांगितली आणि योगायोगाने ती बरोबर निघाली, तर त्याला वेळ ‘माहीत’ होती का? एडमंड गेटियर या तत्त्वज्ञाने १९६३ मध्ये अवघ्या तीन पानांत याच जातीची उदाहरणं देऊन ज्ञानाची रूढ व्याख्या (ज्ञान म्हणजे सबळ कारणांवर आधारलेली खरी समजूत) हादरवली. नवख्या विद्यार्थ्यालाही इथे बाजू घ्यावी लागते, कारणं द्यावी लागतात, आक्षेप झेलावे लागतात. मला तरी हेच खरं शिक्षण वाटतं. जुने ग्रंथ तुकड्यांत वाचले जातात, ही उणीव आहेच.

एकच पेपर घेणार असाल, तर प्रश्नांचा घ्या. दोन जमत असतील, तर इतिहासाचा त्यानंतर.