सोलापुरात पिल्लू घेताय? लसीचं पुस्तक आधी उघडून बघा

होटगी रोडकडच्या एका विक्रेत्याने माझ्या धाकट्या दिराला लॅब्राडॉरचं पिल्लू 12 हजारांना विकलं. "40 दिवसांचं आहे, दोन्ही इंजेक्शनं झालीत, केसीआयचे पेपर महिनाभरात घरपोच," असं छातीठोक सांगितलं. (केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, जातिवंत कुत्र्यांची नोंदणी करणारी संस्था.)

दुसऱ्याच दिवशी सकाळी पिल्लाने खाणं सोडलं. दुपारी उलट्या, संध्याकाळी रक्ताचे जुलाब, डोळे खोल गेलेले. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, "वहिनी, जागा बदलली की होतं तसं. डॉक्टरकडे नेऊ नका, उगाच सलाईन लावून बिल वाढवतात." आम्ही तसंच दवाखान्यात नेलं. पार्व्हो निघाला, म्हणजे कुत्र्यांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार. सलाईन, इंजेक्शनं, सगळं झालं, पण पिल्लू वाचलं नाही.

आता तो म्हणतो, लागण तुमच्याच घरात झाली. हे धडधडीत खोटं आहे. पार्व्होचा विषाणू शरीरात गेल्यावर लक्षणं दिसायला साधारण 3 ते 7 दिवस लागतात. पिल्लू आजार घेऊनच आलं होतं.

लसीचं पुस्तक डॉक्टरांनी आमच्यासमोर उघडलं. लस टोचली की बाटलीवरचं स्टिकर काढून पुस्तकात चिकटवतात. त्यावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी असते. इथे नुसतं बॉलपेनने नाव लिहिलेलं. दोन्ही तारखा एकाच शाईत, एका दमात लिहिल्यासारख्या. गोल शिक्का होता, पण डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर कुठेच नाही. शिवाय पहिला डोस 6 ते 8 आठवड्यांनी देतात आणि पुढचा त्यानंतर 3-4 आठवड्यांनी. मग 40 दिवसांच्या पिल्लाचे दोन डोस होतीलच कसे? मुळात 2017 च्या केंद्राच्या नियमांनुसार 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही.

पेपरचंही तेच. आई-बाप दोघांची केसीआय नोंदणी असेल तरच पिल्लाची होते. त्यांचे नंबर मागितले की "नंतर पाठवतो" सुरू. पिल्लाची आई बघायला मागा. ती दाखवायला कोणी काचकूच करत असेल तर तिथून उठा. पैसे देण्याआधी पिल्लू आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवा, खरा ब्रीडर त्याला कधीच नाही म्हणत नाही.

पैसे रोख देऊ नका, ऑनलाइन पाठवा आणि पावती घ्या. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. आणि ज्यांच्या घरी असं पिल्लू गेलंय त्यांनी लगेच दुसरं आणू नका. हा विषाणू अंगणात कित्येक महिने टिकतो, साध्या फिनाईलने मरत नाही. फरशी पाण्यात मिसळलेल्या ब्लीचने पुसा, पिल्लाची भांडी-अंथरूण टाकून द्या, आणि शेजारी कुत्रं असेल तर त्यांनाही सांगा.