स्प्रिंग सिक्युरिटीतील रोल आणि परवानग्या : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये कोणाला काय करता यावे, हे ठरवण्याचे काम गेले आठ महिने स्प्रिंग सिक्युरिटी या जावातील सुरक्षा-लायब्ररीकडे आहे. प्रशासक, संपादक आणि वाचक या तीन रोलची (वापरकर्त्यांच्या भूमिकांची) पहिली मांडणी अर्ध्या दिवसात झाली. जुने मार्गदर्शक लेख मात्र वापरू नयेत, कारण त्यांतील 'वेबसिक्युरिटीकॉन्फिगररअ‍ॅडॅप्टर' हा क्लास ६.० आवृत्तीत काढून टाकला आहे.

पहिली अडचण उपसर्गाची आली. 'हॅजरोल' ही तपासणी आपणहून रोलच्या नावाच्या सुरुवातीला 'रोल_' जोडते, तर 'हॅजऑथॉरिटी' ही तपासणी दिलेले नाव जसेच्या तसे ताडून पाहते. आमच्या डेटाबेसमध्ये उपसर्गाविना नावे असल्याने लॉगिन होऊनही प्रशासकाला प्रत्येक पानावर ४०३ हा त्रुटी-क्रमांक मिळत होता. ४०१ म्हणजे ओळख पटलेली नाही आणि ४०३ म्हणजे ओळख पटूनही परवानगी नाही, हे ध्यानात घेतले असते तर आम्ही पासवर्ड तपासत बसलो नसतो.

त्याहून गंभीर चूक नियमांच्या क्रमात झाली. नियम वरून खाली तपासले जातात आणि जुळणारा पहिला नियम लागू होतो. आम्ही व्यापक नियम वर लिहिल्यामुळे अहवालांसाठीच्या कडक नियमापर्यंत तपासणी पोहोचलीच नाही आणि केवळ प्रशासकांचे पान संपादकांनाही उघडत राहिले. नकार चुकीचा असला तर वापरकर्ता लगेच तक्रार करतो. चुकून मिळालेल्या परवानगीची तक्रार कोणीच करत नाही, म्हणूनच ती मला अधिक भयावह वाटते.

चौथ्या महिन्यात लेखापरीक्षक हा नवा रोल आला, तेव्हा कोडमध्ये विखुरलेली रोलची नावे शोधत फिरावे लागले. आता कोड 'अहवाल पाहणे' यासारखी परवानगी विचारतो, आणि कोणत्या रोलला कोणती परवानगी आहे हे डेटाबेस सांगतो. हा बदल पहिल्याच दिवशी करायला हवा होता.

केवळ रोल पुरतही नाही. पत्त्यातील क्रमांक बदलून एक संपादक दुसऱ्याचा मसुदा उघडू शकत होता, म्हणून मालकीची तपासणी 'प्रीऑथोराइझ' ही खूण वापरून मसुदा उघडणाऱ्या मेथडवर (कोडमधील त्या कामाच्या भागावर) लावली. मात्र नेहमीच्या प्रॉक्सी-मांडणीत, म्हणजे बाहेरून येणारी हाक आधी एक मध्यस्थ (प्रॉक्सी) तपासतो त्या मांडणीत, त्याच क्लासमधून ती मेथड बोलावली, तर प्रॉक्सी वगळली जाते आणि तपासणी होतच नाही. आता प्रत्येक रोलसाठी मिळायलाच हव्यात अशा नकारांच्या चाचण्या आम्ही प्रत्येक बदलानंतर चालवतो.