फोर्कलिफ्टवरची निळी आणि लाल सेफ्टी लाइट – काही महिने वापरल्यावर

गोदामातल्या सगळ्या फोर्कलिफ्टना पुढे-मागे निळी स्पॉट लाइट आणि दोन्ही बाजूंना लाल पट्टा पाडणारी लाइट लावून आता बरेच महिने झालेत, सुपरवायझर म्हणून रोज बघतोय म्हणून लिहितो.

निळीचं काम साधं, गाडीच्या पुढे चार-पाच मीटरवर फरशीवर ठिपका पडतो. खरा उपयोग रॅकच्या कोपऱ्यावर. पिकर (ऑर्डरचा माल रॅकमधून काढणारा माणूस) स्कॅनरमध्ये डोकं घालून येत असतो, मान खाली, आणि गाडी दिसायच्या आधीच तो ठिपका त्याच्या बुटापुढे येतो, पाय आपोआप थांबतात. हॉर्नने हे होत नव्हतं, कारण हॉर्न आणि रिव्हर्स बझर दिवसभर कुठे ना कुठे बोंबलतच असतात, कोण लक्ष देतंय! बॅटरीवाल्या गाड्यांचा तर आवाजच येत नाही.

पण पैसे वसूल केले ते लाल लाइटने. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते, त्यामुळे पुढून डावीकडे वळली की मागचा काउंटरवेट (उचललेल्या मालाला तोलणारा जड लोखंडी भाग) उजवीकडे बाहेर फिरतो, आणि बाजूला गप्पा मारत उभ्या असलेल्या माणसाचा पाय चाकाखाली नाहीतर माणूसच गाडी आणि रॅकच्या मध्ये. सेफ्टी शूज आहेत ना, म्हणणाऱ्यांसाठी: बुटाची टो कॅप (बोटांवरची कडक टोपी) साधारण दीड टन दाबाला टेस्ट होते, अडीच टन उचलणारी गाडी रिकामीच साडेतीन-चार टनांची असते. आता लाल पट्टा पायाकडे सरकला की लोक स्वतःहून मागे होतात.

तक्रारी पण आहेत. डॉकवर, म्हणजे ट्रक भरतात-उतरवतात तिथे, उन्हात दोन्ही लाइट जवळपास दिसतच नाहीत, आणि माणसांची गर्दी नेमकी तिथेच. लेन्सवर धूळ बसते. सगळ्यात वाईट म्हणजे हादऱ्यांनी ब्रॅकेट ढिला होऊन लाल पट्टा चाकाला चिकटतो, म्हणजे माणूस पट्ट्याच्या बाहेर उभा राहूनही काउंटरवेटच्या टप्प्यातच.

आणि गाडी कलंडण्यावर याचा शून्य उपयोग, जीव जास्त तिथेच जातात. माल वर उचललेला ठेवून वळणारा ऑपरेटर लाइट लावली म्हणून सुधारत नाही, त्याला बेल्ट लावायला आणि कलंडताना उडी न मारता स्टेअरिंग घट्ट धरून उलट्या बाजूला झुकायला शिकवावंच लागतं.

बजेट कमी असेल तर लाल आधी घ्या, आणि ब्रॅकेटला लॉक नट (हादऱ्यांनी ढिले न होणारे) मागून घ्या, आमच्यासोबत साधे आले होते.