नेटवर्क पीडीयू : वीज चोख, डोमेनचे पान मात्र कच्चे

महापे औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या सर्व्हर रूममध्ये दोन रॅक आहेत आणि त्यांना वीज वाटून देण्यासाठी सहा महिन्यांपासून आम्ही नेटवर्कला जोडता येणारे दोन उभे पीडीयू (पॉवर डिस्ट्रिब्युशन युनिट, म्हणजे अनेक सॉकेटची वीजपट्टी) वापरत आहोत. 32 अँपिअरचा निळा औद्योगिक प्लग, वीस सी-13 व चार सी-19 सॉकेट आणि प्रत्येक सॉकेट दुरून चालू-बंद करण्याची सोय, असे त्यांचे स्वरूप आहे. वीज वाटण्याच्या मूळ कामात तक्रारीला जागा नाही. नेटवर्क कार्ड पुन्हा सुरू केले तरी एकाही सॉकेटचा पुरवठा खंडित होत नाही, ही बाब तर मला विशेष आवडली.

अडचण आहे ती डोमेन नेमच्या सेटिंगची. ब्राउझरमध्ये आयपी पत्ता (उपकरणाचा नेटवर्कवरील अंकी पत्ता) टाकला की पीडीयूचे पान उघडते, मग त्याला डीएनएस, म्हणजे नावावरून असा पत्ता सांगणारी व्यवस्था, हवे कशाला, असे आम्हालाही सुरुवातीला वाटले होते. परंतु धोक्याची सूचना मेलने पाठवताना किंवा घड्याळ जुळवून घेताना पीडीयू स्वतःच दुसऱ्या सर्व्हरला हाक मारतो, आणि ते सर्व्हर नावाने नोंदवलेले असतील तर त्या नावाचा पत्ता त्याला कोणीतरी सांगावा लागतो.

याचा प्रत्यय जूनमध्ये आला. ठाणे-बेलापूर रस्त्यावर पाणी साचल्यामुळे आम्ही सारे घरीच होतो, आणि त्याच दिवशी एका पीडीयूचा पुरवठा बंद पडून सगळा भार दुसऱ्यावर गेला. त्याने 26 अँपिअरची इशारा-मर्यादा ओलांडली, पण मेल आलीच नाही. उपकरणाच्या नोंदवहीत मात्र ‘मेल सर्व्हरचे नाव सापडले नाही’ अशी नोंद ओळीने पडलेली होती. डीएनएस सर्व्हरचे पत्ते आम्ही हाताने भरले होते, ‘सेव्ह झाले’ असा संदेशही दिसला होता. परंतु आयपी पत्ता डीएचसीपीकडून, म्हणजे राउटरकडून ठरावीक मुदतीसाठी आपोआप, घेण्याची सेटिंग तशीच राहिल्याने, मुदत वाढवून घेताना राउटरने दिलेले पत्ते आमच्या पत्त्यांच्या जागी बसले, आणि राउटरला आमच्या अंतर्गत मेल सर्व्हरचे नाव ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. प्रत्यक्षात कोणते पत्ते लागू आहेत, हे त्या पानावर कुठेही दिसत नाही. हा मला या उपकरणाचा सर्वांत मोठा दोष वाटतो.

आता आम्ही स्थिर आयपी ठेवला आहे आणि दोन्ही डीएनएस सर्व्हर अंतर्गतच दिले आहेत. दुसऱ्या रकान्यात 8.8.8.8 हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर टाकण्याचा मोह टाळावा, कारण पहिल्या सर्व्हरचे उत्तर उशिरा आले की प्रश्न बाहेर जातो, ‘असे नाव नाही’ हे उत्तर मिळते आणि पीडीयू त्यावर विश्वास ठेवून मोकळा होतो.

होस्टनेम (उपकरणाचे स्वतःचे नाव) आणि डोमेन (त्यापुढे जोडले जाणारे नेटवर्कचे नाव) यांचे रकाने वेगळे आहेत. पहिल्यात पूर्ण नाव लिहिले तर डोमेन दोनदा जोडले जाते. होस्टनेममध्ये अक्षरे, अंक व हायफन एवढेच चालावे, तरी हे पान अंडरस्कोअरही निमूटपणे स्वीकारते. शिवाय येथे नाव भरले म्हणजे डीएनएसमध्ये नोंद झाली असे नाही. ‘ए’ नोंद, म्हणजे नाव व त्याचा आयपी पत्ता यांची जोडी, आपल्या डीएनएस सर्व्हरवर स्वतंत्रपणे करावीच लागते. माहितीपुस्तिकेने या साऱ्याला तीन ओळी दिल्या आहेत. मदत केंद्रातील व्यक्ती सौजन्याने बोलल्या, पण त्यांचा सल्ला एकच होता : बंद करून पुन्हा सुरू करा.

चाचणी मेल पाठवण्याचे बटण आहे, हे त्यातल्या त्यात बरे. मात्र ते सेटिंग भरल्याबरोबर दाबून समाधान मानू नये. आमची पहिली चाचणी मेल व्यवस्थित पोहोचली होती. डीएचसीपीची मुदत एकदा उलटू द्यावी आणि मग दाबावे. ठाण्याच्या कार्यालयासाठी तिसरा पीडीयू आम्ही याच बनावटीचा मागवला आहे. त्याची ही चाचणी रॅकमध्ये बसवण्यापूर्वी टेबलावरच होईल.