नागपूर-वर्ध्याकडल्या कच्च्या सपाट रस्त्यासाठी कोणती सायकल: ग्रॅव्हल, हायब्रिड, एमटीबी का दांडीवाली?

आजकाल नागपूरचे सायकलवाले ग्रुप करून आपल्या गावाकडल्या रस्त्यानं फिरून राहिले, अन् गावातले पोट्टे विचारतात की भाऊ ती वाकड्या हँडलची पण जाड टायरची सायकल कोणती, घेतली तर परवडते का. ती ग्रॅव्हल बाईक. रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं हँडल, ३८ ते ४५ मिलीमीटरचे टायर, डिस्क ब्रेक, शॉकअप नाही. अमेरिकेत कॅन्ससकडे शेताकुरणातल्या खडीच्या रस्त्यांवर या सायकली चांगल्या रुळल्या, तिथं २००६ पासून २०० मैलांची शर्यत होते, म्हणजे ३२० किलोमीटर, तेही बहुतेक कच्च्यातून. म्हणजे मुळात ही शेतरस्त्याचीच सायकल आहे, म्हणून आपल्याकडे तिचा विचार होणं बरोबरच आहे. फक्त आपला शेतरस्ता अन् त्यांचा शेतरस्ता एक नाही, सगळा घोळ इथंच आहे.

मी लिहितो आहे ते सपाट भागापुरतं. चिखलदऱ्याचा घाट चढायचा असेल तर हिशोब वेगळा. बुटीबोरी, सेलू, पवनार, सेवाग्राम, हिंगणघाट हा एक पट्टा अन् मौदा, कुही, पवनीकडला नहराचा, म्हणजे कालव्याचा, दुसरा पट्टा, एवढंच डोळ्यापुढे आहे. समृद्धी महामार्गावर सायकल नेता येत नाही, हायवेवर ट्रक अंगावर येतात, त्यामुळे ज्याला रोज मोकळं चालवायचं त्याला पांधण, म्हणजे वावरात जायचा कच्चा रस्ता, अन् नहराचा रस्ताच बरा.

तर आधी सायकल नाही, रस्ता पाहा. नागपूरच्या पश्चिमेला दख्खनचा काळा दगड, त्यामुळे तिकडे वरून मुरूम अन् खाली काळी माती. मुरूम दबलेला असेल तर त्याच्यासारखा रस्ता नाही, डांबरीपेक्षाही पायाला बरं वाटते. पण मातोश्री पाणंद रस्ते योजनेत २०२१ नंतर बऱ्याच पांधणी भरल्या, त्यातल्या काही नीट रोलर फिरवून झाल्या अन् काहींवर नुसती गिट्टी पसरली आहे, अन् त्या सुट्या गिट्टीवर ३२ चा टायर घेऊन गेलात तर सायकल तुम्हाला चालवते, तुम्ही तिला नाही. पूर्वेला धानपट्टा, तिथं नहराच्या बाजूनं देखभालीचा रस्ता राहते, सरळसोट, लांबच लांब. गोसेखुर्दचा उजवा कालवाच ९९ किलोमीटरचा आहे. असा रस्ता जिथं चांगला आहे तिथं ग्रॅव्हल बाईक जे सुख देते ते दुसरी कोणती देत नाही, हे मी मनापासून सांगतो.

आता काटे. आपल्याकडे सायकल घेताना पहिला प्रश्न हाच पाहिजे अन् दुकानात हाच कोणी विचारत नाही. वावराच्या धुऱ्यावर कुंपणाला बाभळीच्या काट्या टाकतात, बंडीवरून नेताना त्या रस्त्यात सांडतात, ट्रॅक्टरच्या चाकानं दबून मुरमात बसतात अन् फक्त टोक वर राहते. वरून वेडी बाभूळ आहे, गोखरू आहे, बोराटी आहे. साध्या ट्यूबवर पांधणीनं फिरायचं म्हणजे पंक्चरचं सामान सोबत पाहिजेच. ट्यूबलेस टायरमधे ५०-६० मिली सीलंट टाकलेलं असते, पांढरं दुधासारखं, अन् त्याचं काम एकदा डोळ्यानं पाहाच. टायरात बाभळीचा काटा रुतलेला दिसला, तो चिमटीत धरून ओढला की फुस्स आवाज येते, भोकातून पांढरे बुडबुडे निघतात, चाक फिरवून ते भोक खाली आणायचं अन् पाचदहा सेकंद थांबायचं, आवाज बंद. हवा थोडी कमी झालेली असते, पण घरापर्यंत आरामात जाते. काट्याचं भोक एक-दोन मिलीमीटरचं, सीलंटला ते सहज जमते. गिट्टीच्या धारेनं टायरची बाजू फाटली तर मात्र सीलंट काही करत नाही, त्यासाठी एक ट्यूब सोबत ठेवावीच लागते.

ग्रॅव्हल बाईकची रिम बहुतेक वेळा ट्यूबलेसला चालणारी येते, पण सगळ्यांची नाही, विचारून घ्या. हायब्रिडची, म्हणजे सरळ हँडल अन् मध्यम टायरवाल्या सायकलीची, सहसा नसते. म्हणून हायब्रिड बाद होते असं नाही. हायब्रिडला मोटरसायकलसारखा जाड वाल असलेली ट्यूब असेल तर त्याची पिन काढून आतमधे सीलंट भरता येते, टायर अन् ट्यूबच्या मधे लायनरची पट्टी टाकता येते, थोडं वजन वाढते पण काट्याचा निम्मा त्रास तिथंच मिटते. हे दोन-तीन हजाराच्या आतलं काम आहे अन् ग्रॅव्हल घ्यायची ऐपत नसेल त्यानं हेच करावं.

मंग ग्रॅव्हलचे जास्तीचे पैसे कशाचे? मला विचाराल तर वाऱ्याचे. सपाट भागात चढ नाही, पण एप्रिल-मे मधे पश्चिमेचा वारा सुटला की नागपूरहून वर्ध्याकडे येणं म्हणजे घाटच. वळलेल्या हँडलवर खाली वाकून बसता येते, हात तीन-चार जागी ठेवता येतात, तळहात बधिर होत नाही. दहा-पंधरा किलोमीटरात हा फरक कळत पण नाही. चाळीसच्या वर गेलं की कळते, अन् साठ-सत्तरला तर हायब्रिडच्या सरळ हँडलवर मनगटं बोलायला लागतात. म्हणून किती लांब जाता त्यावर निर्णय आहे. रोज सकाळी सेलूवरून बोर धरणाकडे एक चक्कर अन् घरी, याला हायब्रिड भरपूर झाली. सुट्टीच्या दिवशी अर्धा जिल्हा पालथा घालायचा असेल, अधूनमधून नागपूरच्या ग्रुपसोबत डांबरीवरून पळायचं असेल, तर ग्रॅव्हलला तोड नाही.

एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक, तिच्याबद्दल थोडक्यात. दहा-पंधरा हजाराची, पुढे शॉकअप असलेली सायकल गावात सगळ्यात जास्त खपते कारण दिसायला दणकट. सपाट रस्त्यावर तो शॉकअप नुसतं दोन-अडीच किलो लोखंड आहे, प्रत्येक पायडलला ताकद खाते, अन् धुळीनं दोन उन्हाळ्यात जाम होते. शॉकअपचं काम सपाटीवर जाड टायर कमी हवेत करते. ४० च्या ट्यूबलेस टायरात सत्तर किलोच्या माणसानं हवेचा दाब ३०-३५ पीएसआय ठेवावा, ट्यूब असेल तर चाळीसच्या आसपास. पंक्चरवाले सवयीनं दगडासारखी हवा भरतात, त्यांना थांबवा. एमटीबी घ्यायचीच असेल तर बिना शॉकअपची घ्या, ती खरंच चांगली चालते. बंडीच्या खोल चाकोरीत, जिथं पायडल काठाला घासते, तिथं रुंद हँडल अन् दोन इंची टायर ग्रॅव्हलपेक्षा भारी पडतात, हे मान्य करावंच लागेल.

अन् दांडीवाली काळी सायकल. तिच्यावर आपल्या आजोबांनी ढेपेचं पोतं अन् दुधाची कॅन आयुष्यभर वाहिली. वैरण आणायची, वावरात जायचं, बाजारातून पोतं आणायचं, तर आजही तीच घ्या, त्या किमतीत तेवढं वजन दुसरी कोणती उचलत नाही. लांब फिरायला ती जड पडते अन् दांडीचे ब्रेक पावसात धरत नाहीत, एवढंच.

दुरुस्तीचं बघा, कारण शोरूम नागपुरात अन् तुम्ही गावात. २६ ची ट्यूब कोणत्याही बाजारपेठेत मिळते. ग्रॅव्हल अन् हायब्रिडचं चाक ७०० सी, ते तालुक्याला मिळेलच असं नाही. पण ७०० सी अन् २९ इंची एमटीबी यांची रिम एकच, ६२२ मिलीमीटर, त्यामुळे २९ ची पातळ ट्यूब चालते. दुकानदार २८ म्हणून दांडीवालीचा टायर देईल, तो घेऊ नका, तो ६३५ चा आहे, बसणार नाही. ग्रॅव्हलला पातळ लांब वाल असते, पंक्चरवाल्याच्या पंपाला ते लागत नाही, पितळेचं छोटं अडॅप्टर खिशात ठेवा. डिस्क ब्रेक केबलचे घ्या, ऑइलचे नको. ऑइलचे ब्रेक धरतात झकास पण त्यात हवा शिरली तर गावात कोणी काढून देणार नाही, केबल मात्र पान्यानं आपण स्वतः ताणू शकतो. गिअर पुढे एकच चाक असलेला बस, सपाटीला तेवढं पुरते अन् बिघडायला एक वस्तू कमी.

पैशाचं असं आहे, नवीन धड ग्रॅव्हल साठ-सत्तर हजाराच्या खाली सहसा सापडत नाही, चांगली हायब्रिड पंधरा ते तीसमधे येते. सप्टेंबर २०२५ मधे सायकलवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला, तेवढा दिलासा. कापूस विकून आलेल्या पैशात पोराला पहिली सायकल घेऊन देणार असाल तर माझं ठाम मत हायब्रिड, अन् उरलेल्या पैशातून चांगले टायर, लायनर, हेल्मेट, मागचा लाल लाईट. जो आधीच दोन-तीन वर्षं चालवून राहिला, ज्याची गोडी पक्की आहे, त्यानं थोडं थांबून पैसे जमवून ग्रॅव्हलच घ्यावी, मधली काहीतरी घेऊन परत विकण्यात पैसे जातात.

जून-जुलैत काळ्या मातीच्या पांधणीनं कोणतीच सायकल चालत नाही, हे आधीच धरून चाला. ती माती पाणी पिऊन फुगते, चिखलाचा गारा टायरला चिकटून मडगार्डमधे ठासून भरते अन् चाक फिरायचंच थांबते. त्या दिवसात डांबरी नाहीतर मुरूम. म्हणूनच दुकानात सायकल पाहताना टायर अन् फोर्कच्या मधे बोट घालून पाहा, दोन्ही बाजूनं करंगळी आरामात गेली पाहिजे, नाही गेली तर ती सायकल ग्रॅव्हल म्हणून विकत असले तरी आपल्या रस्त्याची नाही. अन् ट्यूबलेस घेतली तर मार्चपासून दीड-दोन महिन्यांनी सीलंट पाहत जा, आपल्या उन्हात ते लवकर वाळते.