फोटोच्या संमतीसाठी गूगल फॉर्म: फुकट आहे, पण एकट्याच्या बळावर चालत नाही

संस्थेचं शिबिर असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की नाट्यमंडळाचा वर्धापनदिन, लोकांचे फोटो आणि व्हिडिओ वापरायची लेखी संमती हवी म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: 'गूगल फॉर्म टाकू ग्रुपवर.' पैसे पडत नाहीत, अर्ध्या तासात तयार होतो, मराठीत लिहिता येतो. संमती गोळा करण्यापुरतं ते खरंही आहे. अडतं ते नंतर. कॅमेऱ्याच्या कार्डात चारशे फोटो आहेत, फॉर्मची उत्तरं जमा होणाऱ्या शीटमध्ये साठ नावं आहेत, आणि तिसऱ्या रांगेतल्या निळ्या साडीतल्या बाईंनी होय म्हटलंय की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. या कसोटीवर गूगल फॉर्म घासून पाहायचा, तर शेजारी जुनं छापील कार्बनलेस पुस्तकही (वर लिहिलेलं कार्बन न घालता खालच्या पानावर उमटतं ते) ठेवावं लागतं.

आधी फॉर्मची बांधणी. बहुतेक जण 'फोटो कुठे वापरलेले चालतील?' असा चेकबॉक्सचा प्रश्न घालतात आणि तो आवश्यक करतात. इथेच पहिली चूक होते. आवश्यक चेकबॉक्समध्ये किमान एक खूण केल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, म्हणजे ज्याला काहीच चालत नाही त्याने नाइलाजाने कशाला तरी होकार द्यायचा. त्याऐवजी मल्टिपल चॉइस ग्रिड घ्या. ओळींमध्ये एकेक वापर: संस्थेचं फेसबुक-इन्स्टाग्राम पान, वेबसाइट, वार्षिक अहवाल, वर्तमानपत्रांना देणं, देणगीदारांना पाठवणं, पैसे देऊन केलेली जाहिरात. रकाने दोनच, होय आणि नाही. प्रत्येक ओळीला उत्तर सक्तीचं करा. तिसरा रकाना घातलात की लहान फोनवर ग्रिड आडवं सरकवावं लागतं आणि लोक चुकीच्या गोलावर बोट ठेवतात.

'होय' आधीपासून भरून ठेवू नका. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम २०२३ नुसार संमती मोकळेपणाने, ठरावीक कारणासाठी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी लागते. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचता आली पाहिजे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीची कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. आज केलेले फॉर्म तेव्हाही वापरात असणार, म्हणून मजकूर आत्ताच नीट लिहिलेला बरा. इंटरनेटवरच्या इंग्रजी नमुन्यांची 'मी याद्वारे अपरिवर्तनीय व शाश्वत हक्क प्रदान करतो' अशी भाषांतरं फिरतात, ती टाळा. वाचणाऱ्याला कळत नाहीत आणि 'कोणत्याही कारणासाठी, कायमचं' हे ठरावीक कारणाच्या नेमकं उलट आहे. 'हे फोटो ३१ मार्च २०२८ पर्यंत वर होय म्हटलेल्या ठिकाणीच वापरू' एवढं वाक्य जास्त पक्कं आहे.

गूगल फॉर्मचा सर्वात मोठा दोष सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. प्रश्नाचा मजकूर नंतर बदलता येतो, आणि बदलला की जुनी उत्तरंही नव्या मजकुराखाली दिसू लागतात. जूनमध्ये लोकांनी 'वार्षिक अहवाल' या ओळीला होय म्हटलं, ऑगस्टमध्ये कुणीतरी तिथे 'वार्षिक अहवाल व जाहिरात' असं केलं, तर जूनचे होकार जाहिरातीलाही दिल्यासारखे दिसतात. उपाय दोन. मजकुरात शब्द जरी बदलायचा असला तरी फॉर्मची नवी प्रत करायची आणि जुना बंद करायचा. सुरू करण्याआधी कोऱ्या फॉर्मची पीडीएफ काढून तारखेसह ठेवायची. शिवाय उत्तराची प्रत भरणाऱ्याला दर वेळी ईमेलने जाईल अशी सेटिंग करा. त्या ईमेलमध्ये त्या वेळचा प्रश्न आणि उत्तर दोन्ही राहतात, आणि भरणाऱ्याच्या हातातही पुरावा राहतो. ईमेल न पाहणाऱ्यांसाठी मात्र ही सोय असून नसल्यासारखी.

आणखी एक सेटिंग नक्की बंद ठेवा: उत्तरांचा सारांश भरणाऱ्यांना दाखवण्याची. ती चालू राहिली तर पहिल्या माणसाचं नाव आणि फोन नंबर पुढच्यांना दिसू शकतात. संमती घेताना गोपनीयता उघड्यावर.

सहीसाठी फॉर्ममध्ये वेगळी जागाच नाही. सहीचा फोटो अपलोड करायला लावता येतं, पण फाइल अपलोडचा प्रश्न घातला की भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगइन व्हावं लागतं, आणि बरेच लोक तिथेच फोन खाली ठेवतात. पूर्ण नाव टाइप करून घेणं हा मधला मार्ग, पण फॉर्म त्याच माणसाने भरला हे त्यातून सिद्ध होत नाही. ओळख पटवायला आधारचा फोटो मागणं तर नकोच; नको असलेला डेटा सांभाळायची जबाबदारी अंगावर येते.

आता फोटोशी जुळवणी. इथे फॉर्मची एक जमेची बाजू आहे: आधीच भरलेली लिंक. कार्यक्रमाचा संकेत, समजा 'दादर-०३', लिंकमध्ये भरून तिचा क्यूआर कोड दारावर लावायचा. दर कार्यक्रमाला वेगळा कोड, म्हणजे शीटमध्ये गल्लत होत नाही. शीटचा टाइम झोन भारताचा आहे ना, तेही पाहून घ्या. नाहीतर फॉर्मची वेळ आणि कॅमेऱ्याची वेळ यांत तासांचा फरक पडतो. कॅमेऱ्याचं घड्याळही त्याच दिवशी फोनशी लावा. तरीही कोणता चेहरा कोणत्या नावाचा, हे फॉर्म सांगत नाही.

छापील पुस्तक तिथे बाजी मारतं. फोर्टच्या बोरा बाजारातल्या छापखान्यांत दोन प्रतींचं, पन्नास पानांचं, क्रमांक घातलेलं कार्बनलेस पुस्तक सहज छापून मिळतं. वरची पांढरी प्रत संस्थेकडे, खालची रंगीत प्रत सही करणाऱ्याला. सही झाली की तो माणूस कागद छातीशी धरतो, क्रमांक दिसेल असा एक फोटो काढायचा, आणि मगच खरं शूटिंग. नंतर फोटो लावताना त्या क्रमांकाचा फोटो सापडला की पुढचे सगळे त्याचे. घोळ होतो तो बारीक गोष्टींत. जेल पेनने सही केली तर दाब कमी पडून खालची प्रत कोरी राहते. बॉलपेनच द्या आणि पानाखाली पुठ्ठा ठेवा, नाहीतर सही पुढच्या सेटवरही उमटते. अंगठा कार्बनलेस कागदावर खाली उतरत नाही, तो दोन्ही प्रतींवर वेगळा घ्यावा लागतो, आणि मजकूर वाचून दाखवणाऱ्याची साक्षीदार म्हणून सही हवी. ससून डॉकला मासळी निवडणाऱ्या बायकांचे हात ओले असतात. तिथे फोन पुढे करण्यात अर्थ नाही आणि कागदही प्लास्टिकच्या क्लिपबोर्डवरच टिकतो.

नाट्यगृहाच्या दाराशी 'येथे चित्रीकरण सुरू आहे' असा फलक लावला म्हणजे लेखी संमती मिळाली असं नाही; ती फक्त सूचना. गर्दीच्या दूरच्या फोटोपुरती ती ठीक, एकाच चेहऱ्यावर व्हिडिओ थांबणार असेल तर नाही. नको म्हणणाऱ्यांना छातीवर लावायला रंगीत स्टिकर द्यावेत. संपादन करणाऱ्याचं काम निम्म्यावर येतं.

मुलांच्या बाबतीत गूगल फॉर्म सर्वात कच्चा. डेटा संरक्षणाच्या त्याच कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते, आणि पालकांच्या फोनवर फॉर्म बहुतेक वेळा मूलच भरून टाकतं. शाळेत नोंदवलेल्या मोबाइल नंबरशी ताळा घेतल्याशिवाय ते उत्तर धरू नका. शक्य असेल तर पालकसभेत कागदावरच सही घ्या. पीडित किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ ची मनाई आहे. तिथे पालकांची सही आणली म्हणून सूट मिळत नाही.

एक गल्लत नेहमी दिसते: संमती म्हणजे कॉपीराइट नव्हे. कॉपीराइट अधिनियम १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. म्हणून लग्नाचे फोटो स्टुडिओच्या काचेत लावायचे तर आधी काम देणाऱ्यांशी तसं लिहून घ्यावं लागतं, आणि फोटोत ठळक दिसणाऱ्या पाहुण्यांना विचारायचं ते वेगळं.

शेवटची चाचणी संमती मागे घेण्याची. डेटा संरक्षण कायद्याला ती देण्याइतकीच सोपी हवी आहे. गूगल फॉर्ममध्ये उत्तर नंतर बदलू देण्याची सोय चालू करता येते, पण त्याची लिंक भरणाऱ्याने जपलेली असावी लागते, म्हणून 'माझे फोटो काढा' असा दोन प्रश्नांचा वेगळा फॉर्म ठेवा आणि त्याचा पत्ता भरणाऱ्याला मिळणाऱ्या प्रतीवर द्या. फॉर्म संस्थेच्या खात्यावर असला पाहिजे. स्वयंसेवकाच्या जीमेलवर असेल तर तो स्वयंसेवक सोडून गेला की नकार कुठे पोहोचतो, हेच कळत नाही. आणि छापून वाटलेला अहवाल परत आणता येत नाही, हे मूळ फॉर्मवरच लिहा: 'नकार कळवल्यावर सात दिवसांत ऑनलाइन फोटो काढू, आधी छापलेल्या प्रती परत घेता येणार नाहीत.'